दोन चिंचोके कमी

मी मोठ्याने बोलत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, ते मी देवावर सोडलं आहे. पण आमच्या पडवीत भूकंपाचं यंत्र येऊन बसलं ते या हळू बोलण्यामुळेच. आणि पुढे जे झालं तेसुद्धा, वेळेवर चार शब्द मोठ्याने बोलले नाही म्हणूनच.

आमचा गाव डिचोली तालुक्यातला, पाळी गावाच्या अलीकडचा. नाव लिहीत नाही. गावातल्या निम्म्या माणसांना वाटेल मी त्यांच्यावर लिहिलं, आणि उरलेल्यांना वाईट वाटेल की त्यांच्यावर का नाही.

तर एका रविवारी पंचायतीच्या सभागृहात डॉ. जयराम म्हणून एक प्रयोगशाळेतले गृहस्थ आले. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्याला पिशवी. पिशवीतून त्यांनी लाडवांच्या डब्याएवढा एक डबा काढून टेबलावर ठेवला. जमीन हलली की हा डबा रेषा काढतो म्हणाले. तीन प्रयोगशाळांनी मिळून असे बारा डबे बारा गावांत बसवायचं ठरवलं होतं. सगळ्या डब्यांच्या रेषा त्याच क्षणी इंटरनेटवर जाणार, आणि त्या जगात कुणीही, कधीही, न विचारता, फुकट बघाव्या.

"म्हणजे आमच्या गावची जमीन हलली ती परक्याने बघायची?" पंच गोकुळदासांनी विचारलं.

"बघू दे की. तुम्हीही त्यांची बघा," जयरामसर म्हणाले. "माहिती कुणी पेटीत घालून ठेवायची नाही, वाटायची. वाटली की चूक पकडायलाही दहा डोळे मिळतात."

मला हे फार आवडलं. प्रसादाचं असंच असतं. दहा डोळ्यांचं मात्र मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

डब्याला घर हवं होतं शांत. पिठाची गिरण नको, कुत्रा नको, उड्या मारणारी मुलं नकोत. गोकुळदास लगेच उठले. "मग सुशीलावयनीचं घर! तिथे माशी आली तरी पाय पुसून बसते. वयनी काय बोलते ते सदाशिवला चाळीस वर्षांत ऐकू आलेलं नाही." सगळे हसले. आमचे हेही हसले, म्हणजे हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

सगळ्यांत जोरात मान हलवली कमलाक्षीने. कमलाक्षी माझी शेजारीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. तिचं घर मातीच्या भिंतींचं, आणि टेकडीच्या पायथ्याला. टेकडीपलीकडे काळ्या दगडाची खाण. आठवड्यातून दोन-तीनदा अकराच्या सुमारास तिथे शिट्टी होते, मग सुरुंग. तिच्या पश्चिमेच्या भिंतीला जनेलापासून, म्हणजे खिडकीपासून, वर वाशापर्यंत भेग गेली होती. ती त्या भेगेत काडेपेटीची काडी घालून बघायची. गेल्या गणपतीच्या चवथीला एक काडी बसायची, यंदा दोन बसायला लागल्या. तालुक्याच्या कचेरीत तिने अर्जावर अर्ज केले. तिथले साहेब भले माणूस, पण प्रत्येक वेळी म्हणायचे, "बाई, काडीवर आदेश निघत नाही. सुरुंग ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा होता याचा पुरावा आणा."

"वयनी," सभेतून परत येताना ती माझा हात धरून म्हणाली, "तो डबो तुझ्याकडे म्हणजे माझ्याकडेच गो. आता पुरावो चालत येतलो."

डबा यायच्या आधी पंचायतीचा ना हरकत दाखला लागत होता. जयरामसर, हे आणि मी सेक्रेटरीसमोर बसलो.

"जमिनीला स्क्रूने बसवणार? म्हणजे स्थावर झालं."

"उद्या काढूनही नेता येईल," सर म्हणाले.

"मग जंगम. मालकाचं नाव?"

"मालक असा कुणी नाही. यंत्र तिघांच्या जाळ्याचं, नोंदी सगळ्यांच्या."

सेक्रेटरीने पेन खाली ठेवलं. "सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

"तुमच्यासुद्धा."

"माझं नाव घालू नका हां!" तो दचकलाच. "माझी बदलीची ऑर्डर येणार आहे."

या एका रकान्यापायी तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मीच हळूच सुचवलं, आणि मालकाच्या जागी लिहिलं गेलं: 'सुशीला, सांभाळणारी.' त्या दिवशी मला तो शब्द फार शोभून दिसला. आता तो कागद कपाटात उलटा ठेवला आहे.

डबा पडवीच्या कोपऱ्यात बसला. खाली सरळ चिऱ्याचा खडक, जागा उत्तम म्हणाले सर. समोर अंगणात दहा पावलांवर तुळस. मी डब्याला हळदकुंकू लावून वर जास्वंदीचं फूल ठेवलं. सरांनी फूल अलगद उचलून माझ्या हातात दिलं. "कुंकू राहू दे. त्याला वजन नाही."

मग आमच्या घराला नियम लागले. पडवीत नारळ फोडायचा नाही. कदेल, म्हणजे खुर्ची, ओढायची नाही, उचलायची. यांनी शिंकायचं ते मागच्या दारी जाऊन. एकदा यांना वेळेत मागचं दार गाठता आलं नाही, तर हरमलहून माझ्या बहिणीचा, मालतीचा, फोन: "गो, तुमच्याकडे आत्ता काय झालं? रेषा केवढी उडाली!" ती समुद्राकाठी खोल्या भाड्याने देते. पाहुणे नसले की मोबाइलवर आमच्या घराची रेषा बघत बसायची. गोकुळदास तर रस्त्यात भेटले की "काल दुपारी तुमच्याकडे कुणीतरी पळत होतं" असं डोळे मिचकावून सांगायचे. कमलाक्षीचं मांजर होतं. पण ते कुणाकुणाला सांगत बसू?

शेजारणींनीही सल्ल्यांची कसर ठेवली नाही. एकीने सांगितलं, डब्याला दृष्ट लागेल, मीठ-मिरची ओवाळ. दुसरी म्हणाली, पावसात त्याच्यावर पाट उपडा घाल. पोदेर रोज सकाळी पाव द्यायला येतो, त्याने सायकलची घंटा वाजवणंच सोडलं. फाटकाशी येऊन नुसता खाकरायचा.

आता माझ्या व्रताचं सांगायला हवं. व्रताचं सांगू नये, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी यांचं मोठं ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी बोलले की हे घरी आले तर रोज पहाटे तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा घालीन. हे आले. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. प्रत्येक फेरी पुरी झाली की गुडघा टेकून नमस्कार करायचा आणि एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. चिंचोके संपले की एकशे आठ झाल्या. ते चिंचोके मला यांनीच मोजून दिले होते, अंथरुणात बसून. हे वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तालुक्यातल्या अर्ध्या दुकानदारांची मापं यांनी जप्त केली आहेत. यांनी मोजलेलं परत मोजणं म्हणजे अपमानच, म्हणून मी कधी मोजलं नाही.

डबा आल्यावर पहिल्याच आठवड्यात कमलाक्षीने मोबाइल माझ्यापुढे धरला. पांढऱ्या पडद्यावर निळी रेषा, आणि साडेपाच ते सहा तिच्यावर एकसारखे बारीक बारीक उंचवटे. "ही तू गो, वयनी! हे तुझे गुडघे!"

मी लाजले. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. अकरा वर्षं जे फक्त तुळशीने बघितलं ते आता जगाने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझा गुडघा जरा जोरातच टेकू लागला असावा. देव जाणे. डबाही जाणतो म्हणा.

कमलाक्षीचं लक्ष मात्र अकराच्या रेषेवर. सुरुंग झाला की हात पदराला पुसत धावत यायची. "आज किती उडाला गो?" पडद्यावर एक लाल रेघ होती, तीच मर्यादा. दर वेळी सुरुंग तिच्या खाली राहायचा. कधी बोटभर, कधी केसभर. कमलाक्षी खट्टू व्हायची. "भिंत माझी फुटता, आणि ह्यो मेलो रेघेखाली!" वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, चार माणसं जमली की आता मोठ्या सुरुंगाचीच वाट बघत. एकदा तिने मला विचारलं, "तुझ्या तुळशीकडे एक मोठो मागशील?" मी म्हटलं, "असलं मागणं मागू नये बाय." तालुक्यात सुनावणी महिन्याच्या शेवटी होती. भेगेत आता तीन काड्या बसत होत्या.

चार महिने झाले आणि एका सकाळी जयरामसर हातात कागदाची गुंडाळी घेऊन आले. चेहरा प्रसन्न. मी चहा ठेवला.

"सुशीलाताई, तुमची कीर्ती पार परदेशात गेली. तिकडच्या एका प्रयोगशाळेने विचारलंय की तुमच्या घराजवळ पहाटे कोणतं यंत्र चालतं? पंप आहे का? इतकं नियमित काही त्यांनी बघितलेलं नाही. तुमच्या केंद्रावर त्यांनी नोंदही घातली आहे: 'अज्ञात नियमित स्रोत.' त्यांनी रोजचे ठोके मोजले. चार महिने, एकही दिवस चुकलेला नाही. रोज बरोबर एकशे सहा!"

माझ्या हातातली बशी खाली पडली. (तीही नोंदली गेली आहे. नऊ वाजून चौदा मिनिटं.)

"आठ," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

मी परत म्हटलं नाही. सर कौतुक करून, चहा पिऊन गेले. मग मी देवघरातून वाटी आणली आणि यांच्यासमोर चिंचोके मोजले. एकशे सहा. यांनी चष्मा लावून मोजले. एकशे सहा. मग यांनी आपल्या जुन्या खात्याच्या पद्धतीने दहा-दहाचे ढीग घातले. दहा ढीग आणि सहा.

"उंदराने नेले असतील," हे म्हणाले.

"उंदीर एकदा दोन नेऊन अकरा वर्षं थांबेल?"

"मग मी मोजले तेव्हा मला गुंगी होती." आणि मान वळवून, "मापात तेवढी सूट असते म्हणा."

तुळशीला सूट कसली? अकरा वर्षं मी तिला रोज दोन कमी घालत आले आणि वर रोज नमस्कार करून 'पुरं झालं' म्हणत आले. वाईट याचं वाटलं, आणि त्याहून वाईट याचं की हे परदेशातल्या कुणा परक्याने मोजलं आणि मी नाही. गावात अजून कुणी मोजलं नव्हतं. पण मोजायला कितीसा वेळ लागतो? गोकुळदासांना कळलं असतं तर देवळाच्या पायरीवर बारसंच झालं असतं माझं: एकशेसहावाली वयनी.

मी ठरवलं, राहिलेल्या फेऱ्या फेडायच्या. वर्षं अकरा, दिवसाला दोन. यांनी कागद घेऊन लीप वर्षाचे तीन दिवसही धरले, तिथे मात्र चोख! आठ हजार छत्तीस फेऱ्या. दिवसाला सातशेतीस घातल्या तर अकरा दिवस, वर सहा. रोजच्या एकशे आठ वेगळ्या. पण हे सगळं डब्याने मोजलं असतं, रेषेवर डोंगर उठले असते, मालतीचा फोन आला असता, गोकुळदासांनी डोळे मिचकावले असते. प्रायश्चित्त काय असं ढोल लावून करायचं असतं? म्हणून साडेपाचला अंगणात उतरायच्या आधी मी डब्याची वायर भिंतीतून काढली. मनाशी म्हटलं, अकराच्या आत परत लावीन. सुरुंग तर अकराला होतो.

पहिल्या दिवशी लावली. दुसऱ्या दिवशी लावली. त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. "ताई, दोन दिवस सकाळी यंत्र बंद दिसतंय. काही अडचण?"

आता इथे बोलायचं होतं. मी म्हटलं, "लाईट जाते."

"असं होय. मग मी तशी नोंद घालतो: वीजपुरवठा खंडित." त्यांनी लगेच विश्वास ठेवला. हळू बोलणाऱ्या माणसाचं सगळं खरंच वाटतं लोकांना. म्हणून अशा माणसाने फार जपून बोलावं.

चौथ्या दिवशी माझे गुडघे सुजले. पावलं जड पडू लागली, फेरीला दीडपट वेळ लागू लागला. ऊन डोक्यावर आलं तरी वाटीत चिंचोके होतेच. सातशेतिसाला वाटी सात वेळा रिकामी करून परत भरायची, म्हणून मी भिंतीवर कोळशाने रेघा मारत होते. शेवटच्या चाळीसेक फेऱ्या राहिल्या होत्या, आणि टेकडीपलीकडे शिट्टी झाली.

मी ती ऐकली. हे मला लिहायलाच हवं. नंतर मी यांना सांगितलं की ऐकली नाही, पण ऐकली. शिट्टी आणि सुरुंग यांच्यात दहा मिनिटं असतात. डबा दहा पावलांवर होता, वायर जमिनीवर. वाकून भिंतीत घालायची, एवढंच. पण घातली असती तर उरलेल्या चाळीस फेऱ्या रेषेवर आल्या असत्या, भर अकरा वाजता, आणि सगळा वाडा नेमका अकराचीच रेषा बघायचा. मनात आलं, रोज रेघेखालीच राहतो, आजही राहील. आधी या पुऱ्या करू. आणि मी तुळशीकडे बघत पुढचं पाऊल टाकलं.

सुरुंग झाला तो आवाजाचा नव्हता, पायाखालचा होता. तुळशीवृंदावन हललेलं मी डोळ्यांनी बघितलं. दोन्ही वाट्या उडाल्या आणि चिंचोके अंगणभर झाले. कौलं खडखडली. आणि मग कमलाक्षीच्या घरातून मातीचा ढीग कोसळल्याचा आवाज.

मी फाटकाकडे धावले तोवर तीच समोरून आली. केसांत माती, पदरावर माती, आणि तोंडभर हसू. मी आयुष्यात कुणाला असं हसताना बघितलेलं नाही.

"वयनी! भिंत गेली गो माझी! अख्खी! आत कोण नव्हता, देवाची कृपा. आता गावलो तो! आता काय म्हणतलो, बघूया! दाखय, रेषा दाखय! रेघेच्या वर गेली मा?"

तिने मोबाइल काढला. पडद्यावर साडेपाचपर्यंत निळी रेषा होती. पुढे नुसतं पांढरं.

"ह्या काय?"

"लाईट गेली होती," मी म्हटलं.

"लाईट?" तिने माझ्याकडे बघितलं. "माझो पंखो फिरत होतो गो. भिंत पडली तेव्हा पंखो फिरतच होतो."

मग तिची नजर पडवीत गेली, जमिनीवरच्या वायरीवर. तिथून भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांवर. तिथून माझ्या सुजलेल्या गुडघ्यांवर. तिला किती कळलं ते मला ठाऊक नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि अंगणातले चिंचोके एकेक वेचून वाटीत टाकायला लागली. मीही वेचू लागले. "किती होते गो?" तिने वर न बघता विचारलं. मी म्हटलं, "एकशे आठ." तेव्हासुद्धा.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. बारांपैकी डिचोली शहराजवळच्या डब्यावर त्या दिवसाची रेषा होती, पण ती इतक्या लांबची की डासाने पंख हलवल्याएवढी. खाणवाल्यांचा माणूस इस्त्रीचा सदरा घालून आला होता, फार गोड बोलणारा. भिंत जुनी, वाळवी लागलेली, पावसाने भिजलेली, असं त्याने सांगितलं. मग त्याने एक कागद पुढे केला. वीज कचेरीचं पत्र. त्या चार दिवसांत आमच्या वाड्यावर वीज एक मिनिटही गेली नव्हती.

"साहेब, यांच्याच पानावर लिहिलंय, वीजपुरवठा खंडित. मग या यंत्राची एक नोंद जर खोटी, तर चार महिन्यांच्या बाकीच्या नोंदी कशावरून खऱ्या?"

साहेबांनी जयरामसरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे. मी जमिनीकडे. माझ्या एका शब्दाने एक दिवस गेला होता असं मी समजत होते. चार महिने गेले. कमलाक्षीच्या सगळ्या केसभर आणि बोटभर रेषा, तिने पदराला हात पुसत धावत येऊन बघितलेल्या. साहेबांनी फाईल मिटली. तेव्हाही मी बोलले नाही. ओठ हलले म्हणतात हे, पण आवाज आला नाही.

त्याच आठवड्यात कमलाक्षी पेडण्याला भावाकडे राहायला गेली. जाताना फाटकाशी आली, किल्ली माझ्याकडे दिली. "मांजराक दूध घाल," एवढंच म्हणाली. उरलेल्या भिंतींना तिने माडाच्या खांबांचे टेकू दिले होते.

आठ दिवस मी प्रदक्षिणा घातल्या, पण तुळशीकडे बघून नाही, पायांकडे बघून. राहिलेल्या फेऱ्या मध्येच सोडल्या. कुणाचं देणं आधी फेडायचं हे मला त्या शिट्टीनंतरच्या दहा मिनिटांत कळायला हवं होतं. तुळस अकरा वर्षं थांबली होती, आणखी थांबली असती. प्रसाद वाटायला बसले आणि शेजारच्या पानावर वाढायचं तेवढं चुकले.

नवव्या दिवशी मी यांना सांगितलं आणि जयरामसरांना बोलावलं. सगळं सांगितलं. चिंचोक्यांपासून शिट्टीपर्यंत. सरांनी कुंकू लावलेल्या डब्यावरून हात फिरवला.

"ती पांढरी जागा आता भरता येते का?" मी विचारलं.

"नाही ताई. रेषा पुसता येत नाही, मागाहून भरताही येत नाही. खाली कारण तेवढं बदलता येतं. आणि कारण बदललं की ते जगाला दिसतं. कायमचं."

"मग लिहा."

त्यांनी लॅपटॉप उघडला. "यंत्र हाताने बंद केलं होतं, असं लिहितो. पुरे आहे."

"पुरं नाही," मी म्हटलं. बहुधा जरा मोठ्याने, कारण हे आतून धावत आले. "मी सांगते तसं लिहा. वीज गेली नव्हती. सांभाळणाऱ्या बाईने आपलं उणं झाकायला वायर काढली. सुरुंगाची शिट्टी तिने ऐकली होती. आधीच्या चार महिन्यांच्या नोंदी खऱ्या आहेत, त्यात तिचा हात नाही. पहाटेचे ठोके पंपाचे नाहीत, तिच्या गुडघ्यांचे आहेत. ते एकशे सहा होते. यापुढे एकशे दहा असतील. एकशे आठ तुळशीच्या, वरच्या दोन कमलाक्षीच्या."

"ताई, हे शास्त्रीय नाही."

"मोजून बघा म्हणावं."

सरांनी लिहिलं. तीन भाषांत लिहिलं. गोकुळदासांनी दुसऱ्या दिवशी वाचलं, रस्त्यात भेटले, मान लववून पुढे गेले. डोळे मिचकावले नाहीत. सरांनी ते पान छापून तालुक्याच्या कचेरीत दिलं आहे. फाईल परत वर काढली आहे असं म्हणतात, पण वर म्हणजे कुठल्या कपाटातून कुठल्या टेबलावर, ते कुणी सांगत नाही. खाणीची शिट्टी अजून होते. आता मी ती ऐकली की हातातलं टाकून डब्याजवळ जाऊन उभी राहते, वायर आहे ना बघते. उशिराचं शहाणपण. कमलाक्षीच्या मांजराला दूध घालते. तिच्या पडक्या भिंतीतून आता माझी तुळस सरळ दिसते, ते एक बघवत नाही.

तिला मी फोन केला नाही. काय म्हणून करायचा? तिनेही केला नाही. चार महिने.

काल सकाळी पाऊस होता, अंगण निसरडं, गुडघा ऐन शेवटाला दगा देऊ लागला. कशीबशी उरकून पायरीवर बसले तर यांनी मोबाइल आणून दिला. पलीकडे पेडण्याच्या घरातले आवाज, भांडी, कुणाचं तरी खोकणं. आणि मग ती.

"वयनी, आज एकशे नवच गो."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"मी मोजतंय रोज. आज एक कमी. तुळशीची नाय, माझी खाल्लस. उठ."

मी फोन पायरीवर तसाच चालू ठेवला, आणि उठले.